जहाज सहा दिवसांत सुटले. माणसे किती दिवसांनी?

१/ २३ मार्च २०२१. सकाळी ७ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास 'एव्हर गिव्हन' हे मालवाहू जहाज सुएझ कालव्याच्या दक्षिण भागात आडवे होऊन दोन्ही काठांत रुतले. लांबी सुमारे ४०० मीटर, रुंदी ५९ मीटर, वर सुमारे १८,३०० कंटेनर. जगाच्या व्यापाराचा अंदाजे १२ टक्के भाग ज्या वाटेने जातो ती वाट सहा दिवस बंद पडली आणि मागे चारशेहून अधिक जहाजे ताटकळली. त्या सहा दिवसांत ज्याच्या हाती मोबाइल होता तो प्रत्येक जण जहाज सोडवण्याची युक्ती सुचवत होता. हा धागा त्या युक्त्यांचा आहे, आणि त्या गदारोळात जो प्रश्न कोणी विचारलाच नाही त्याचाही.

२/ म्हणणे आधीच सांगितलेले बरे. रुतलेले जहाज सोडवायला नव्या कल्पनेची गरज नव्हती. त्याचे उपाय दीडशे वर्षे माहीत होते आणि तेच कामी आले. कल्पनेचा खरा दुष्काळ पुढे दिसला: जहाज मोकळे झाल्यावर त्यावरच्या माणसांना कसे सोडवायचे, याचे उत्तर ना अभियंत्यांकडे होते, ना कायदेपंडितांकडे, ना रात्रंदिवस युक्त्या सुचवणाऱ्या जनतेकडे. सुएझच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलेले नाही.

३/ सुरुवात कालव्याच्या उद्घाटनापासूनच करावी लागते. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी युरोपातील राजेरजवाडे कालव्यातून मिरवत जाणार होते. आदल्या रात्री 'लतीफ' हे इजिप्तचेच लढाऊ जहाज कालव्यात रुतून बसले. कालव्याचे प्रवर्तक फर्दिनां द लेसेप्स यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी: उपाय तीन होते. जहाज ओढून प्रवाहात आणणे, नाहीतर काठाला लावणे, आणि तिसरा उपाय खुद्द खेदिव्ह इस्माईल यांनी उच्चारला, तो म्हणजे सुरुंगाने उडवून देणे. लेसेप्स यांनी आनंदाने त्यांना मिठी मारली. सुदैवाने ओढाओढीतच जहाज निघाले आणि सकाळी वाट मोकळी झाली.

४/ म्हणजे 'उडवून द्या' ही सूचना २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर जन्मली नाही. ती कालव्याइतकीच जुनी आहे आणि तेव्हाइतकीच अविचारी. बुडालेल्या जहाजांचे काय होते हे सुएझने १९५६ मध्ये पाहिले आहे. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलच्या आक्रमणाच्या वेळी नासर यांच्या सरकारने सुमारे ४० जहाजे कालव्यात बुडवून तो बंद केला. संयुक्त राष्ट्रांनी जनरल रेमंड व्हीलर या अमेरिकी अभियंत्याच्या हाताखाली डच आणि डॅनिश पथके लावली, तरी सांगाडे काढून वाहतूक सुरू व्हायला एप्रिल १९५७ उजाडले. रुतलेले जहाज सहा दिवसांत निघते. फुटलेले जहाज महिनोन् महिने निघत नाही.

५/ 'कापून काढा' हीसुद्धा लाडकी सूचना होती. तिचे उत्तर त्याच वेळी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर दिसत होते. 'गोल्डन रे' हे मोटारी वाहणारे जहाज तिथे सप्टेंबर २०१९ मध्ये कलंडले होते. ते 'एव्हर गिव्हन'च्या निम्म्या लांबीचे. साखळीने कापून त्याचे आठ तुकडे करण्याचे काम नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाले आणि पुढच्या वर्षाच्या शरद ऋतूपर्यंत चालले. कालवा तेवढा काळ अडवून ठेवण्याची तयारी कोणाची होती?

६/ हेलिकॉप्टरने कंटेनर उचलण्याची सूचना ऐकायला शहाणपणाची वाटते. हिशोब मांडला की ती कोसळते. जगातील सर्वांत बलवान मालवाहू हेलिकॉप्टरची क्षमता सुमारे २० टन; मोठा भरलेला कंटेनर ३० टनांपर्यंत जातो. तरी धरून चालू की प्रत्येक कंटेनर हलका आहे, वारा नाही आणि दर पंधरा मिनिटांनी एक उचलला जातो. दिवसरात्र काम केले तर दिवसाला ९६ कंटेनर. एक तृतीयांश माल उतरवायलाच दोन महिने लागले असते. शिवाय उचललेले कंटेनर वाळवंटात ठेवायचे कुठे आणि पुढे न्यायचे कसे, हे सुचवणाऱ्यांनी सांगितले नव्हते.

७/ माल उतरवून जहाज हलके करणे ही कल्पना मात्र हास्यास्पद नव्हती. २००४ मध्ये 'ट्रॉपिक ब्रिलियन्स' हे तेलवाहू जहाज सुएझमध्ये असेच अडकले, तेव्हा त्यातील तेल दुसऱ्या जहाजात घेऊन त्याला तीन दिवसांत सोडवले गेले. पण तेल नळीने जाते, कंटेनरला क्रेन लागते. आणि त्या उंचीपर्यंत पोचणारी क्रेन बंदराबाहेर, वाळवंटाच्या काठावर सहज मिळत नाही. २८ मार्चला राष्ट्राध्यक्ष सिसी यांनी कंटेनर उतरवण्याची तयारी ठेवण्याचे आदेश दिले. तो शेवटचा उपाय होता आणि त्याची वेळ आली नाही.

८/ मग जहाज सुटले कशाने? चार गोष्टींनी. पहिली उपसा: 'मशहूर' या ड्रेजरने जहाजाच्या पुढच्या टोकाभोवतीची सुमारे ३०,००० घनमीटर वाळू आणि चिखल काढला. दुसरी वजन: जहाजाचा तोल राखण्यासाठी पोटात भरलेले सुमारे ९,००० टन पाणी बाहेर सोडले. तिसरी ओढ: दहाहून अधिक टगबोटी आणि शेवटी बाहेरून आलेल्या दोन बलदंड सागरी टगबोटी. चौथी भरती. यातली एकही गोष्ट १८६९ च्या खलाशाला अनोळखी वाटली नसती. फक्त यंत्रांचा आकार पाहून त्याने तोंडात बोट घातले असते.

९/ भरतीचे गणित तर आपल्या कोळीवाड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. २८ मार्च २०२१ ही फाल्गुन पौर्णिमा, होळीची. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त चढते. कोकणात शिमग्याचे ढोल वाजत होते त्या रात्री सुएझमध्ये बचावपथके त्याच उधाणाची वाट पाहत होती. २९ तारखेच्या पहाटे जहाजाची मागची बाजू काठापासून सुटली. दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे धुळवड खेळून लोक आंघोळी उरकत असताना, पुढचे टोकही चिखलातून निघाले.

१०/ यावरून एक उलट टोकाचा निष्कर्ष काढला गेला: चंद्रानेच जहाज सोडवले, माणसांची धावपळ निव्वळ देखावा होता. हेही खरे नाही. भरती जहाजाला उचलते. पण टोक जर चिखलात पुरलेले असेल तर पाणी आजूबाजूने चढते आणि उतरते. आधी सहा दिवस उपसलेल्या वाळूमुळेच त्या दिवशीचे पाणी उपयोगी पडले. उधाण पंधरवड्याने पुन्हा येते. ते येण्याआधी तयारी झालेली असणे, हेच बचावकार्याचे सारे शास्त्र आहे.

११/ या शास्त्राचा एक चेहरा जगाने पाहिला आणि त्यावर हसले. महाकाय जहाजाच्या टोकाखाली माती उकरणारे एकुलते पिवळे उत्खननयंत्र त्या आठवड्यातील सर्वांत मोठा विनोद ठरले. ते चालवणाऱ्या इजिप्शियन कामगाराने नंतर पत्रकारांना सांगितले की त्या दिवसांत झोप जेमतेम काही तास मिळत होती, अंगावर जहाज कलंडेल की काय अशी भीती होती, आणि लोक हसताहेत हे कळल्यावर त्याने जिद्दीने काम केले. काठाजवळच्या दगडमातीत ड्रेजरचे काम नव्हते. तिथे हाच माणूस लागत होता.

१२/ हसणाऱ्यांना हा काठ कोणी खणला याची कल्पना नसावी. १८५६ च्या सनदेत कालव्यावरचे किमान चार पंचमांश मजूर इजिप्शियन असावेत अशी अट होती. प्रत्यक्षात ती वेठबिगार ठरली. १८६२-६३ च्या सुमारास दर महिन्याला सुमारे २०,००० फेल्लाहीन, म्हणजे नाईलकाठचे शेतकरी, गावागावांतून हाकून आणले जात. तेवढेच वाटेवर येत असत आणि तेवढेच घरी परतत असत. कुदळ, टोपली आणि कित्येकदा नुसते हात ही त्यांची अवजारे. ड्रेजर आले ते नंतर.

१३/ आणि यंत्रे का आली, हे तर फारच कमी लोकांना माहीत असते. ब्रिटनच्या दबावाखाली तुर्कस्तानच्या सुलतानाने वेठबिगारीला हरकत घेतली. इस्माईल यांनीही मजूर काढून घेतले. वाद लवादाकडे गेला. लवाद कोण? फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन. १८६४ च्या निवाड्याप्रमाणे इजिप्तने फ्रेंच कंपनीला ८ कोटी ४० लाख फ्रँक द्यायचे ठरले, त्यातले ३ कोटी ८० लाख केवळ मजूर काढून घेतल्याबद्दल. वेठबिगार थांबवल्याची भरपाई ज्यांनी वेठ भोगली त्यांना मिळाली नाही. ती त्यांच्याच देशाच्या खजिन्यातून कंपनीला गेली. त्या पैशांचाही हातभार लागून बोरेल-लावाले यांचे वाफेचे ड्रेजर आले आणि कालव्याचा बहुतांश उपसा त्यांनी केला.

१४/ किती मजूर मेले? १९५६ मध्ये कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाच्या भाषणात नासर यांनी १,२०,००० हा आकडा सांगितला. कंपनीच्या नोंदी फार कमी मृत्यू दाखवतात आणि इतिहासकारांत एकमत नाही. योगायोग असा की हेरोडोटसने फारो नेको याच्या प्राचीन कालव्याबद्दल नेमका १,२०,००० हाच आकडा दिला आहे. आकड्यांवर शंका घ्यावी, जरूर घ्यावी. पण ज्या कामाचा घनमीटरवार हिशोब कंपनीने ठेवला त्यात माणसांचा हिशोब दीडशे वर्षांनंतरही वादग्रस्त राहावा, यातून त्या काळात कशाला किंमत होती हे कळते.

१५/ आता कारणाकडे. वाळूचे वादळ होते, वारा जोराचा होता, जहाजाच्या वेगाबद्दल आणि सुकाणूबद्दल वाद झाले. पण मुळातला प्रश्न आकाराचा आहे. १९५६ मध्ये 'आयडियल एक्स' या जहाजाने ५८ कंटेनर नेले आणि कंटेनरयुग सुरू झाले. 'एव्हर गिव्हन'ची क्षमता २०,००० हून अधिक. जहाजे वाढवण्याचा निर्णय जहाज कंपन्या घेतात, प्रति कंटेनर खर्च वाचतो तो त्यांचा. कालवा रुंद करण्याचा भार इजिप्त उचलतो. २०१५ मध्ये ३५ किलोमीटरचा समांतर कालवा खणला, पण तो उत्तरेकडे. दक्षिणेचा भाग ४० मीटरने रुंद करण्याची घोषणा झाली ती या अपघातानंतर.

१६/ या कालव्याशी मुंबईचे नाते जन्माचे आहे. सुएझमुळे मुंबई-लंडन सागरी अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटले. १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक. मुंबई पश्चिमेचे महाद्वार झाली ती याच लाटेवर. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीचे खलाशी असत, भोजनगृहात गोव्याचे सेवक. आजही जगाला सर्वाधिक खलाशी पुरवणाऱ्या देशांत भारत आहे. म्हणून 'एव्हर गिव्हन'ची गोष्ट परक्या देशातील गंमत म्हणून पाहणे आपल्याला तरी शोभत नाही. त्या जहाजावर २५ जणांचा ताफा होता आणि पंचवीसही जण भारतीय होते.

१७/ दोषी शोधण्याचा खेळ मात्र पहिल्याच दिवसांत सुरू झाला. इजिप्तची पहिली महिला जहाज-कप्तान मारवा अल-सेलहदार हिच्यामुळे जहाज रुतले, अशी बनावट बातमी जगभर फिरली. ती त्या वेळी शेकडो किलोमीटर दूर, अलेक्झांड्रियात, दुसऱ्याच जहाजावर कामावर होती. ज्या लोकांनी ही बातमी क्षणभरही न तपासता पुढे ढकलली, त्यातलेच अनेक जण जहाज सोडवण्याच्या युक्त्याही सुचवत होते. दोन्हींमागे वृत्ती एकच: माहिती नसली तरी निकाल तयार.

१८/ २९ मार्चला भोंगे वाजले, बातम्या संपल्या. जहाज 'ग्रेट बिटर' सरोवरात नेले गेले आणि तिथे अडवले गेले. कालवा प्राधिकरणाने ९१ कोटी ६० लाख डॉलरचा दावा लावला; त्यात ३० कोटी 'प्रतिष्ठेच्या हानी'चे होते. पुढे तो ५५ कोटींवर आला. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, व्यवस्थापन जर्मन, झेंडा पनामाचा. वाटाघाटी वकील आणि विमा कंपन्या करत होत्या. जहाजावर बसून राहिले ते भारतीय खलाशी. कौटुंबिक अडचणींमुळे मोजक्यांना घरी जाता आले. बाकीच्यांचा नांगर उठला ७ जुलैला, म्हणजे जहाज चिखलातून निघाल्यानंतर तब्बल १०० दिवसांनी.

१९/ प्राधिकरणाची बाजूही मांडायला हवी. त्यांचे म्हणणे होते की जहाज जप्त आहे, खलाशी कैदेत नाहीत. बदली माणसे आली आणि जहाज चालवण्यापुरता ताफा राहिला तर कोणी जायला हरकत नाही. कप्तान मात्र जहाज आणि मालाचा रक्षक म्हणून थांबला पाहिजे. सागरी कायद्यात दाव्यासाठी जहाज जप्त करणे सर्वमान्य आहे, आणि कालव्याचे नुकसान खरे होते. खलाशांना पगार मिळत होता, जेवण मिळत होता. मग तक्रार कसली? तक्रार हीच, की करारावर नोकरी करणाऱ्या माणसाचे घरी जाणे दोन धनाढ्य पक्षांच्या घासाघिशीवर टांगलेले राहिले. मुंबईतील नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडियाने खलाशांना वेठीला धरू नका असे जाहीरपणे सांगितले, ते याचसाठी.

२०/ 'व्यवहार्य नव्हते' हे उत्तर इतिहास खोटे ठरवतो. १९६७ च्या युद्धात कालवा बंद झाला आणि १४ जहाजे याच 'ग्रेट बिटर' सरोवरात अडकली. वाळवंटाच्या धुळीने पिवळी पडलेली म्हणून त्यांना 'पिवळा ताफा' म्हणत. कालवा पुन्हा खुला झाला ५ जून १९७५ रोजी, आठ वर्षांनी. पण त्या आठ वर्षांत, दोन सैन्ये समोरासमोर उभी असताना, जहाज कंपन्यांनी खलाशी बदलत ठेवले. जहाजे एकत्र बांधून थोड्या माणसांत सांभाळली. युद्धाच्या रेषेवर जे जमले ते २०२१ च्या शांततेत जमणे अवघड का व्हावे?

२१/ आणि त्याच पाण्याजवळ, त्याच काळात, आणखी एक माणूस होता. 'अमान' हे छोटे मालवाहू जहाज जुलै २०१७ मध्ये सुएझजवळच्या अदाबिया बंदरात कागदपत्रांच्या त्रुटींवरून अडवले गेले. न्यायालयाने त्यावरच्या एका सीरियन खलाशाला जहाजाचा कायदेशीर रक्षक ठरवले. बाकीचे एकेक करून गेले, हा राहिला; शेवटी संपूर्ण जहाजावर एकटा, विजेविना. मोबाइल चार्ज करायला आणि अन्नपाणी आणायला तो पोहत किनाऱ्यावर जाई. त्या काळात त्याची आई वारली. चार वर्षांनी, एप्रिल २०२१ मध्ये, तो घरी गेला. 'एव्हर गिव्हन'साठी जगाने हजारो युक्त्या लढवल्या त्या आठवड्यात हा माणूस तिथून जवळच अडकलेला होता, आणि त्याच्यासाठी झटणाऱ्या मोजक्या कामगार संघटना आणि पत्रकार सोडले तर कोणालाही युक्ती सुचली नाही.

२२/ कायदा अगदीच नाही असे नाही. २००६ च्या सागरी श्रम करारात, जो भारताने २०१५ मध्ये स्वीकारला, पुढे दुरुस्ती होऊन मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांसाठी विम्याची हमी बंधनकारक झाली. ती २०१७ पासून लागू आहे. पण पगार चालू असलेला आणि तरीही जप्तीत अडकलेला खलाशी या व्याख्येत सहज बसत नाही. रुतलेल्या जहाजाखालची वाळू कशी काढायची हे ठाऊक असलेल्या जगाने ही फट मात्र तशीच ठेवली आहे.

२३/ म्हणून कल्पना सुचवायच्याच असतील तर या सुचवाव्यात. जप्ती जहाजाची व्हावी, माणसाची नको: दाव्याची हमी बँकेने किंवा विमा कंपनीने द्यावी. रक्षक म्हणून खलाशाचे नाव लावण्याऐवजी बंदरातील पगारी संस्था नेमावी. ठरावीक दिवसांत बदली ताफा आणण्याचा खर्च मालकावर बंधनकारक असावा, आणि तो आला नाही तर खलाशाला घरी जाण्याचा हक्क असावा. यातली एकही गोष्ट हेलिकॉप्टरइतकी नेत्रदीपक नाही. एकीसाठीही पौर्णिमेची वाट पाहावी लागत नाही.

२४/ पुढचे जहाज रुतेल. कालवा कितीही रुंद केला तरी जहाजे त्याहून मोठी बांधली जातील. दीडशे वर्षांचा अनुभव तेच सांगतो. तेव्हा पुन्हा चित्रे फिरतील, विनोद होतील, कोणीतरी सुरुंगाचे नाव काढील. त्या दिवशी आपल्यापैकी एकाने तरी एवढेच विचारावे: जहाजावर किती माणसे आहेत, कुठली आहेत, आणि ती घरी कधी जाणार?

(समाप्त)